पंतप्रधानांनी लोकसभेत प्रश्नांना स्वतः उत्तरे देण्याचे बंधन आहे का?

फळा_आणि_खडू

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आठवीला संसदीय शासनपद्धती शिकवताना मी दर वर्षीप्रमाणे सांगितले की मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते आणि प्रश्नोत्तराचा तास हे त्या जबाबदारीचे रोजचे रूप आहे. त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “बाई, मग पंतप्रधानांना प्रश्न कोण विचारतं?” ब्रिटनचे पंतप्रधान खासदारांच्या प्रश्नांना उभे राहून उत्तरे देत आहेत, अशी एक चित्रफीत त्याने मोबाइलवर पाहिली होती. मी “खासदार विचारतात” असे सांगून वेळ मारून नेली. मात्र घरी येऊन लोकसभेच्या एका बुधवारचे मुद्रण पाहिले, तेव्हा पंतप्रधानांच्या अखत्यारीतल्या खात्यांविषयीच्या प्रश्नांना राज्यमंत्री उत्तरे देत होते.

माझ्या शंका अशा आहेत. पंतप्रधानांनी स्वतः उत्तर द्यावे असा काही नियम आहे का? नसल्यास प्रश्नोत्तराच्या तासाला नेमका अर्थ काय उरतो? आणि एखाद्या साध्या प्रश्नामुळे सरकारला खरोखर काही करावे लागले, असे मुलांना सांगण्याजोगे उदाहरण आहे का? कोणत्या पक्षाचे चुकले हा माझा विषय नाही, तेव्हा चर्चा तिकडे जाऊ नये ही विनंती.

निवृत्त_कक्षअधिकारी

बाई, पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे: असे बंधन नाही. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत ‘मंत्री’ या शब्दाच्या व्याख्येत राज्यमंत्री आणि उपमंत्रीही येतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असल्यामुळे त्यांच्यापैकी कोणीही दिलेले उत्तर हे सरकारचेच उत्तर ठरते. मंत्रालयांचे पाच गट करून त्यांना आठवड्याचे वार वाटून दिलेले असतात. पंतप्रधान कार्यालय, अणुऊर्जा आणि अवकाश या खात्यांचा वार लोकसभेत बुधवार आणि राज्यसभेत गुरुवार. नेहरूंच्या काळात पंतप्रधान उठून उत्तरे देताना वारंवार दिसत, त्याचे एक कारण असे की परराष्ट्र खाते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होते. त्यांचा स्वभाव हे दुसरे कारण म्हणता येईल, पण स्वभाव नियमात लिहिता येत नाही.

आता यंत्रणा कशी चालते ते सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर तिच्यातच आहे. खासदाराला किमान पंधरा पूर्ण दिवस आधी प्रश्नाची सूचना द्यावी लागते. आलेल्या सूचनांची सोडत निघते. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न स्वीकारले जातात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते आणि तिथेच संपते. तारांकित प्रश्नाचे छापील उत्तर आधीच पटलावर ठेवलेले असते. त्या ताऱ्याची किंमत एवढीच की खासदाराला उठून उपप्रश्न विचारता येतो. अकरा ते बारा या एका तासात वीसपैकी जेमतेम पाच-सहा प्रश्नांपर्यंत मजल जाते, आणि गोंधळाच्या दिवशी एकापर्यंतही जात नाही.

मी दिल्लीत नव्हतो, मुंबईत मंत्रालयात होतो, परंतु पद्धत दोन्हीकडे एकाच वळणाची आहे. आपल्या विधानसभेचा प्रश्न कसा असतो ते पाहा. “पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (१) अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” आणि उत्तरे: “हे खरे नाही.” “अंशतः खरे आहे.” “प्रश्न उद्भवत नाही.” आमच्या आयुष्याची कितीतरी वर्षे या तीन वाक्यांतून निवड करण्यात गेली.

एकदा एका आमदाराने विचारले होते की अमुक तालुक्यातील सर्व गावांमधील हातपंप बंद पडल्यामुळे पाणीटंचाई निर्माण झाली आहे, हे खरे आहे काय. टंचाई होती. पंपही बंद होते. मी “अंशतः खरे आहे” असे लिहून नस्ती वर पाठवली. ती परत आली तेव्हा “अंशतः” वर काट मारून “हे खरे नाही” असे लिहिलेले होते, कारण जिल्ह्याच्या अहवालानुसार एका गावातला एक पंप चालू होता आणि प्रश्नात ‘सर्व’ हा शब्द होता. पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी झाल्याबरोबर पुढच्या दोन भागांचा प्रश्न उद्भवेनासा झाला. उत्तर खोटे नव्हते. त्या उत्तराने तहान मात्र कोणाचीच भागणार नव्हती.

नशिबाने प्रश्न तारांकित होता आणि पुकारला गेला. आमदार उठून एवढेच म्हणाले, “अध्यक्ष महाराज, जो पंप चालू आहे तो कोणत्या गावात आहे, तेवढे मंत्रिमहोदयांनी सांगावे.” मंत्र्यांच्या हातातल्या टिपणीत गावाचे नाव नव्हते. अधिकाऱ्यांच्या दीर्घेत बसून मी चिठ्ठी खरडत होतो, ती त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत सभागृहात हशा पिकला होता, आणि मंत्र्यांनी आठ दिवसांत टँकर सुरू करण्याचे आश्वासन देऊन टाकले. सभागृहात दिलेले आश्वासन हवेत विरत नाही. आपल्याकडे आणि लोकसभेतही त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते. लोकसभेची समिती १९५३ पासून आहे आणि तिच्यासमोर आश्वासनपूर्तीची साधारण मुदत तीन महिन्यांची. टँकर आले. उशिरा आले, पण आले.

तेव्हा उत्तर पंतप्रधान देतात की राज्यमंत्री, यापेक्षा उपप्रश्नाची संधी मिळते की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर

साहेबांचे म्हणणे पटते, तरी शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. गेली अनेक वर्षे इथे राहत असल्यामुळे तुमच्या विद्यार्थ्याने पाहिलेला कार्यक्रम मी बुधवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बऱ्याचदा पाहतो.

ही प्रथा फार प्राचीन असावी असा समज असतो, परंतु पंतप्रधानांच्या प्रश्नांसाठी ठरावीक वेळ १९६१ मध्ये, मॅकमिलन यांच्या कारकिर्दीत, मुक्रर झाली. मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटे, अशी ती वेळ होती. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी दोन्ही एकत्र करून बुधवारी अर्धा तास केला, आणि २००३ पासून तो दुपारी बाराला सुरू होतो. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात. गंमत पहिल्या प्रश्नात आहे: छापील प्रश्न असतो तो पंतप्रधानांच्या त्या दिवसाच्या कार्यक्रमांविषयी. आज सकाळी सहकाऱ्यांबरोबर बैठका झाल्या, असे काहीतरी ठरीव उत्तर ते देतात, आणि त्यानंतर खासदार उपप्रश्न म्हणून रुग्णालयापासून युद्धापर्यंत काहीही विचारू शकतो. म्हणजे आपल्याकडे जो उपप्रश्न मूळ विषयाला बांधलेला असतो, तो इथे मोकळा सोडलेला आहे. पंधरा दिवस आधी सूचना देऊन ‘सर्व’ या शब्दावर काट मारून घेण्याची वेळ येत नाही.

मला हे सारे आदर्श वाटते असे कृपया समजू नये. अर्ध्या तासातला बराच वेळ टोमणे, आरडाओरडा आणि स्वपक्षीयांच्या गुळमट प्रश्नांत जातो. धोरणाची खरी उलटतपासणी पाहायची तर २००२ पासून पंतप्रधान समित्यांच्या अध्यक्षांसमोर वर्षातून काही वेळा बसतात, ती बैठक पाहावी. तिथे आरोळ्या नसतात, म्हणून प्रेक्षकही नसतात.

तरीही पंतप्रधान स्वतः उभे राहण्याला वजन आहे, आणि त्याचे अलीकडचे उदाहरण देतो. १ डिसेंबर २०२१ रोजी बोरिस जॉन्सन यांनी याच कार्यक्रमात सांगितले की त्यांच्या कार्यालयात कोविडच्या सर्व मार्गदर्शक सूचनांचे पालन झाले होते. कार्यालयातल्या मेजवान्यांची प्रकरणे बाहेर आल्यावर प्रश्न एवढाच उरला की सभागृहात केलेले ते विधान खरे होते का. विशेषाधिकार समितीने चौकशी केली, आणि त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली असा निष्कर्ष जून २०२३ मध्ये काढला. निष्कर्ष हाती येताच, अहवाल प्रसिद्ध होण्याआधी, त्यांनी खासदारकी सोडली होती. ते वाक्य एखाद्या राज्यमंत्र्याने वाचून दाखवले असते, तर पंतप्रधानांना अंग काढून घेता आले असते असे मला वाटते.

उंबरठा

मी थोडे वेगळे मत मांडतो. आपल्याकडे पंतप्रधान सभागृहाला उत्तर देतच नाहीत, हे चित्र अपुरे आहे. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रदर्शक प्रस्तावावर आणि अविश्वास ठरावावर ते उत्तराचे भाषण करतात, आणि राष्ट्रीय धोरणाचा सगळा पट त्या भाषणात येऊ शकतो. दर आठवड्याची अर्ध्या तासाची कुस्ती आपल्या सभागृहात आणली, तर दूरचित्रवाहिन्यांची सोय होईल. धोरणाचे काय होईल?

धोरणावरची आपल्या संसदेतली सर्वांत गाजलेली टक्कर प्रश्नोत्तराच्या तासातली नाही, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी मांडलेल्या पहिल्या अविश्वास ठरावावर चर्चा चालू होती. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून नुकतेच आलेले राममनोहर लोहिया म्हणाले की देशातील सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी तो आकडा पंधरा आणे असल्याचे सांगितले. राष्ट्रीय उत्पन्नाची सरसरी काढायची की तळातल्या माणसाच्या हातात काय पडते ते पाहायचे, हा वाद त्यातून उभा राहिला आणि सप्टेंबरमध्ये त्यावर स्वतंत्र चर्चा झाली. एवढा मोठा विषय दोन उपप्रश्नांत मावला नसता.

वकील_शनिवार_पेठ

उंबरठा यांचा मुद्दा चांगला आहे, परंतु भाषणात बोलणाऱ्याला सोयीचे तेवढेच निवडता येते. प्रश्नाचे तसे नसते, आणि बाईंच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर म्हणून मी मुंधडा प्रकरण सुचवतो. त्याचा शेवटचा अंक मुंबईत घडला, त्यामुळे मुलांना तो जवळचाही वाटेल.

आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंधडा या सट्टेबाज उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे भाग खरेदी केले. पैसा विमाधारकांचा, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या हप्त्यांचा, आणि कंपन्यांची प्रकृती तोळामासा. सप्टेंबर १९५७ मध्ये डॉ. रामसुभग सिंह यांनी लोकसभेत प्रश्न विचारला. ते काँग्रेसचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, हे मुलांना मुद्दाम सांगावे. उत्तर मोघम मिळाले. वर्षअखेरीस पुन्हा प्रश्न आला, तेव्हा गुंतवणूक झाल्याचे मान्य करावे लागले. त्या दोन उत्तरांमधल्या अंतरावर फिरोझ गांधींनी बोट ठेवले. तेही काँग्रेसचेच, शिवाय पंतप्रधानांचे जावई. १६ डिसेंबर १९५७ रोजीच्या त्यांच्या भाषणानंतर चौकशी टाळणे सरकारला शक्य राहिले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. छागलांनी सुनावणी खुली ठेवली, आणि लोकांची एवढी झुंबड उडाली की बाहेर उभ्या असलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा बचाव असा होता की व्यवहार सचिवांच्या पातळीवर झाला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असे छागलांनी नोंदवले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. पहिल्या प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. आमच्या न्यायालयात एवढ्या वेळात पुढची तारीख मिळते.

नाण्याची काळी बाजूही लपवू नये. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना काढून टाकण्यात आले, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून लाभ घेऊन तिची बाजू संसदेत मांडल्याचा ठपका बसला होता. प्रश्नाला बाजारात किंमत येते, याचा अर्थ सरकारला तो झोंबतो असाही होतो.

फळा_आणि_खडू

सर्वांचे मनापासून आभार. मुंधडा प्रकरण मी नक्की सांगेन. मात्र १९५७ म्हणजे माझ्या मुलांच्या लेखी शिवकालाच्या शेजारचाच काळ. त्यांनी स्वतः पाहिलेल्या काळातले एखादे उत्तर त्यांच्यासमोर ठेवता येईल का? साहेब, तुम्ही उत्तरे लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसलेले आहात, म्हणून तुम्हालाच विचारते.

निवृत्त_कक्षअधिकारी

बाई, २०२० च्या सप्टेंबरमधली दोन उत्तरे घ्या. दोन्ही संसदेच्या संकेतस्थळांवर आहेत.

टाळेबंदीत मजूर पायी घरी निघाले होते, हे तुमच्या मुलांना आठवत नसले तरी त्यांच्या आईवडिलांना नक्की आठवेल. करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर ८ मे रोजी मालगाडीखाली सापडले, ते आपल्याच राज्यात. १४ सप्टेंबरला अधिवेशन सुरू झाले, तेव्हा लोकसभेत लेखी प्रश्न होता की घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का. श्रम मंत्रालयाचे उत्तर असे होते की अशी माहिती ठेवली जात नाही. भरपाईच्या भागाला उत्तर होते की वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच मंत्रालयाकडे घरी परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र होता: एक कोटी चार लाखांहून अधिक.

हा हातपंपाच्या जातीचाच मसुदा आहे. वाचताक्षणी मला माझ्या टेबलाची आठवण झाली.

आता दुसरे उत्तर. त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला विचारले गेले की श्रमिक विशेष गाड्यांमध्ये किती जण दगावले. राज्यांच्या पोलिसांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे उत्तर आले: ९ सप्टेंबरपर्यंत ९७. हा आकडा फक्त गाड्यांमधला आहे, रस्त्यावरचा त्यात नाही. परंतु प्रश्न नेमका होता, ठरावीक जागेपुरता होता आणि ज्यांच्याकडे नोंद असणार अशा खात्याला विचारलेला होता, म्हणून उत्तराला पळवाट उरली नाही. मुलांना ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत.

आणि एक गोष्ट सांगायची राहू नये. साथीचे कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला होता. लेखी उत्तरे आली, पण पहिल्या उत्तरावर उठून “मग कोणाकडे आहे ती माहिती?” असे विचारण्याची सोय सभागृहात कोणालाच नव्हती. कोल्हापूरकर, पंतप्रधानांनी उभे राहावे हा तुमचा आग्रह मला मान्य आहे. त्या दिवशी तर कोणीच उभे नव्हते.

मुलांना पहिले उत्तर वाचून दाखवा आणि प्रत्येकाला एकच उपप्रश्न लिहायला सांगा. अट एवढीच, की त्याला “हे खरे नाही” किंवा “प्रश्न उद्भवत नाही” असे उत्तर देता येऊ नये. मी नोकरीत असतो तर तुमच्या वर्गाला घाबरलो असतो.

फळा_आणि_खडू

काल तास झाला. बत्तीस उपप्रश्न जमले, त्यांतले वीसएक साहेबांच्या अटीवर नापास आहेत. बहुतेकांनी “सरकारला दुःख झाले का” अशा वळणाचे विचारले. एका मुलीने लिहिले: “परत गेलेल्यांची मोजणी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत केली आणि ती कोणी केली?” तिचे वडील ग्रामपंचायतीत लिपिक आहेत, ते मला नंतर कळले. मागच्या बाकावरच्याने एकच ओळ लिहिली आहे: “ही माहिती ठेवायची नाही असं कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीनं ठरलं?” त्याच्या वहीत मी खूण केलेली नाही. साहेब, तुम्ही यावर काय उत्तर लिहून दिले असते?

निवृत्त_कक्षअधिकारी

माहिती घेण्यात येत आहे.